अंगठा, वही आणि सातबारा

जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांवर दिवाळी सरली की एकेक घर मिटत जातं. कुडाच्या दाराला काटकी आडवी लागते, कोंबड्या शेजारी जातात. मागे उरलेल्या म्हातारीला विचारलं, माणसं कुठे गेली, तर ती एका शब्दात सांगते, ‘जगायला.’ स्थलांतराला तिकडे हाच शब्द आहे. वसईला, भिवंडीला, कल्याणला. वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर. भात निघालं की गावात पोट भरत नाही. मग सहा महिने दुसरीकडे जाऊन जगायचं आणि पाऊस लागायच्या आत परतायचं.

आदिवासींचं शिक्षण आणि त्यातून होणारा आर्थिक लाभ, या विषयावरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची म्हणून कागद पुढे ओढला, तेव्हा आकडेवारीच्या आधी मला एक वही आठवली. काही वर्षांपूर्वी भिवंडीच्या बाजूला एका भट्टीवर गेलो होतो. खर्चीचा वार होता. खर्ची म्हणजे आठवड्याच्या मीठ-मिरचीपुरते पैसे. खरा हिशेब हंगाम संपताना, आणि तोही दिवाळीच्या आसपास घेतलेला बयाणा वजा करून. मुकादम लाल पुठ्ठ्याच्या लांबट वहीत बघून एकेकाला नोटा देत होता. कातकऱ्यांच्या एका भोंग्यात मी टेकलो. भोंगा म्हणजे कच्च्या विटा रचून वर पेंढा टाकलेलं, वाकून शिरायचं खोपटं. घरातली मुलगी चौथी झालेली, पाचवीत नाव होतं पण भट्टीवर आलेली. तिने छपरात खोचलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि आतली शाळेची वही दाखवली. पुढच्या पानांवर मराठीचे धडे उतरवलेले. मागून उघडली की विटा. वारावार किती पाडल्या त्याचे आकडे, शिसपेन्सिलीने, एकाखाली एक.

तिचा आकडा आणि मुकादमाचा आकडा जुळत नव्हता. अर्थात तिचा जास्त होता. मी बापाला विचारलं, मुकादमाला दाखवलंत का? तो हसला. म्हणाला, ‘दाखवून काय करू? पुढल्या साली बयाणा कोण देल?’ मुलीने वही पुन्हा पिशवीत घातली. मात्र लिहिणं तिने सोडलं नव्हतं, हे मला तेव्हाही विशेष वाटलं होतं आणि आजही वाटतं.

या विषयावरचं बहुतेक लिखाण ज्या वाटेने जातं ती वाट चुकीची नाही. शिक्षण वाढलं की मजुरी वाढते. जॉर्ज साखारोपूलस यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी जगभरचे अभ्यास गोळा करून काढलेली सरासरी शाळेच्या एका वर्षामागे नऊ-दहा टक्के जादा कमाई, अशी आहे. इंडोनेशियाने १९७३ ते १९७८ या काळात ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या. एस्तेर दुफ्लो यांनी २००१ साली त्या शाळांचा लाभ मिळालेल्या मुलांच्या पुढच्या कमाईचा माग काढला, तेव्हाही एका वर्षाच्या शिक्षणामागे साधारण सात ते साडेदहा टक्क्यांची वाढ दिसली. नव्या शाळांचा फायदा होतो का, हा प्रश्न त्यामुळे निकालात निघाल्यासारखा आहे. माझी कुरकुर वेगळी आहे. हे सगळे आकडे जादा काय मिळालं ते मोजतात. आदिवासी घरात शिक्षणाचा पहिला फायदा असतो तो मिळालेलं हातात राहण्याचा, आणि तो कुठल्याच कोष्टकात येत नाही.

भट्टीचाच हिशेब करून बघू. आकडे सोयीसाठी घेतो. समजा जोडीने दिवसाला १,००० विटा पाडल्या, भाव हजाराला ६०० रुपये. मुकादम फूट म्हणून हजारामागे १०० विटा कापतो. हंगाम १५० दिवसांचा धरला तर १५,००० विटा गेल्या, म्हणजे ९,००० रुपये. मुकादमाला दर वर्षी नवी लबाडी करावी लागत नाही. समोरच्याला मोजता येत नाही, एवढं त्याला पुरतं.

हे काही आजचं नाही. १९४५ साली गोदावरी परुळेकर डहाणू-तलासरीच्या वारल्यांमध्ये गेल्या, तेव्हा तिथे वेठ होती आणि लग्नगडी होते. लग्नापुरतं कर्ज सावकाराकडून घ्यायचं आणि त्यापायी नवरा-बायकोने त्याच्या दारात राबायचं. कर्ज किती, फिटलं किती, हे सावकाराच्या वहीत. वारल्याकडे फक्त अंगठा. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे त्यांचं पुस्तक आपण लढ्याची कहाणी म्हणून वाचतो. ते हिशेबाचं पुस्तक म्हणूनही वाचून बघावं. भामरागडच्या जंगलातली गोष्ट तर कितीदा सांगितली गेली आहे: व्यापारी यायचा, मापभर मीठ द्यायचा आणि त्याच मापाने चारोळी न्यायचा. माडिया माणसाच्या दृष्टीने तो व्यवहार बरोबरीचा होता, माप एकच होतं. चारोळीला शहरात काय भाव आहे, हे कळायला त्याच्यापाशी काही साधन नव्हतं.

आणि जमीन. अंगठ्याने गेलेल्या मालमत्तेत सगळ्यात मोठी तीच. महाराष्ट्राला १९७४ साली आदिवासींच्या जमिनी परत मिळवून देण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच किती गेल्या असतील त्याचा अंदाज यावा. बिगर-आदिवासीला जमीन देताना आता जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, तरी कसायला दिली, गहाण टाकली, नुसता कागद केला, अशा वाटा राहतातच. कर्जत, मुरबाड, पालघर या मुंबईच्या अंगणातल्या तालुक्यांत एक एकर म्हणजे काय, हे सांगायला नको. तिथे घरातल्या एका माणसाला सातबारा वाचता आला, इतर हक्कांच्या रकान्यात कुणाचं नाव कधी चढलं ते कळलं, तर त्या एका वाचनाची किंमत आयुष्यभराच्या मजुरीपेक्षा जास्त होऊ शकते. सातवी शिकल्याने पगार किती वाढला, असं विचारणाऱ्या पाहणीत हे कधी उतरणार?

आता नाण्याची न आवडणारी बाजू. त्याच भट्टीवरच्या त्याच मुलीचा हिशेब उलटा करून बघा. ती दिवसभर विटा परतते, ओळी लावते, धाकट्याला सांभाळते. म्हणून आईबापांचा हात साच्यावरून उठत नाही. ती गावात शाळेसाठी राहिली तर जोडीचं काम हजारावरून समजा साडेआठशेवर येईल. हंगामात २२,५०० विटा कमी, म्हणजे १३,५०० रुपये. तिच्या मोजण्याने वाचणार होते नऊ हजार, तेही बापाने तोंड उघडलं तर. सरकार म्हणतं शाळा फुकट आहे. सरकारपुरती असेल. ‘यांना शिक्षणाचं महत्त्वच कळत नाही’ हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत, अधिकाऱ्यांच्या बैठकीत आणि मुंबईच्या दिवाणखान्यात सारख्याच आत्मविश्वासाने उच्चारलेलं ऐकलं आहे. महत्त्व कळतं. परवडत नाही.

हे ज्यांना सगळ्यात आधी कळलं त्या दोघी अर्थशास्त्रज्ञ नव्हत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर आल्या. वारल्यांची पोरं शाळेत येईनात, कारण लहान भावंडं सांभाळायची असायची आणि मोठ्यांना गुरं वळायची असायची. तेव्हा लहानांसाठी अंगणातच वाडी भरली, आणि गुराख्यांसाठी शाळाच कुरणात गेली. कुरणशाळा हा शब्द ऐकायला गोड आहे. त्यामागचा विचार मात्र रोकडा होता. पोराचं काम बुडवायचं नाही, म्हणजे घराचं नुकसान होत नाही, म्हणजे घर आडवं येत नाही. अंगणवाडी हे नाव पुढे १९७५ च्या केंद्राच्या योजनेने उचललं आणि देशभर गेलं. कुरणशाळा कुणी उचलली नाही. सरकारला इमारत नसलेली शाळा कुठल्या शीर्षाखाली घालायची ते समजत नसावं.

तिचीच एक धाकटी बहीण म्हणजे भोंगाशाळा. विवेक पंडित यांच्या विधायक संसदेने गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवर मुलांसाठी या शाळा चालवल्या, भोंग्यातच. ऊसतोडीच्या फडावर साखरशाळा आल्या. मग हंगामी वसतिगृहं, मग एका गावची पोरं दुसऱ्या गावच्या शाळेत बसवता यावीत म्हणून शिक्षण हमी कार्ड. या सगळ्यांचं यशापयश पुढे वेगवेगळ्या प्रकरणांत येईलच. कुठल्याही योजनेला मी एकच प्रश्न लावतो: घराने मोजलेले साडेतेरा हजार कोण भरून देणार?

आश्रमशाळेने यातला एक भाग नकळत भरून दिला. ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोदला भिल्लांसाठी भिल्ल सेवा मंडळ काढलं, बाळासाहेब खेरांनी १९४० मध्ये आदिवासी सेवा मंडळ. राज्य सरकारच्या आश्रमशाळा सत्तरच्या दशकात उभ्या राहिल्या. आज पाचशेच्या आसपास सरकारी आणि साडेपाचशेच्या आसपास अनुदानित आश्रमशाळा आहेत. आईबाप पोराला तिथे का टाकतात? जून ते सप्टेंबर हे घरातले उपासाचे महिने. कोठीतलं भात संपलेलं, नवं यायचं असतं. त्या महिन्यांत घरातलं एक ताट कमी होतं. पोरगं शिकलं तर वरकड. हे ऐकून कुणाला वाईट वाटेल, मला वाटत नाही. ज्या योजनेत घराला पहिल्या दिवसापासून काहीतरी मिळतं तीच टिकते. वाईट याचं वाटतं की ताट आलं आणि त्याच्याबरोबर यायचं ते बऱ्याच ठिकाणी आलंच नाही: झोपायला वेगळी खोली, रात्रीला बाई, आजारी पडलं तर डॉक्टर, आणि गणिताला गणित येणारा शिक्षक. केंद्राच्या निवासी शाळांना तर नाव एकलव्याचं दिलं आहे. गुरूने दाखल करून न घेतल्याबद्दल जो विद्यार्थी महाभारतात प्रसिद्ध झाला आणि ज्याचा अंगठा गेला, त्याचं! नाव ठेवणाऱ्याने गोष्ट पुरती ऐकली नसावी.

थोडी आकडेवारी, कारण तिच्याशिवाय प्रस्तावना पुरी होत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे १ कोटी ५ लाख लोक मोजले गेले, राज्याच्या लोकसंख्येच्या ९.३५ टक्के. त्यानंतरची जनगणना रखडली, म्हणून अजून याच आकड्यांवर भागवायचं. राज्याची साक्षरता ८२.३ टक्के, आदिवासींची ६५.७, आदिवासी स्त्रियांची ५७. देशभरातल्या आदिवासींची साक्षरता १९६१ साली साडेआठ टक्के होती, २०११ मध्ये ५९. पन्नास वर्षांत एवढी मजल, हे कमी नाही. पण जनगणनेतला ‘साक्षर’ म्हणजे लिहिता-वाचता येतं असं घरातल्याने सांगितलेला माणूस. भट्टीवरचा बाप सही करतो. गणनेत तो कदाचित साक्षर असेल. वही मात्र मुलीच्याच हातात होती.

साक्षरतेच्या पुढे गेलं की एक चमत्कारिक खड्डा लागतो. मजुरीच्या बाजारात चौथी पास आणि नववी नापास यांना एकच भाव आहे. रोजगार हमीवर, भट्टीवर, नाक्यावर कुणी गुणपत्रिका मागत नाही. भाव वाढतो तो दहावी-बारावीनंतर, डी.एड., नर्सिंग, आयटीआय, पोलीस भरती यांच्या उंबरठ्यावर. आणि नोकरी लागली तर एकदम उडी. म्हणजे आईबापांपुढचा हिशेब असा: बारा-चौदा वर्षं घालत राहायचं आणि शेवटी लागला तर मटका. मधे सुटलं तर पोरगं दोन्हीकडून गेलं. दहावीपर्यंत वसतिगृहात राहिलेल्या पोराला मोहावर चढता येत नाही, रानभाजी ओळखता येत नाही, आणि कचेरीत कुणी बसवून घेत नाही. नापासांची ही पिढी आदिवासी भागातल्या प्रत्येक एस.टी. स्टँडवर बसलेली दिसते. शिक्षणाचा परतावा सरासरीने सांगणाऱ्यांनी एकदा त्या बाकावर जाऊन बसावं. वरच्या टप्प्याचा खर्च किती, हे सरकारनेच कबूल केलं आहे: वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरासाठी वर्षाला ६०,००० रुपये धरले. मोखाड्यातल्या किती घरांच्या हातात वर्षाला रोख ६०,००० येतात?

आणि ती उडी ज्यांनी मारायची त्यांच्या जागेवर दुसरंच कुणी बसलेलं असतं. राज्यात अनुसूचित जमातींना सात टक्के आरक्षण आहे. नावातल्या साम्याचा फायदा घेऊन, खोट्या दाखल्यावर, त्या जागा किती गेल्या याचे खटले माधुरी पाटील प्रकरणापासून, म्हणजे १९९४ पासून, सर्वोच्च न्यायालयात गाजत आले. जुलै २०१७ मध्ये त्या न्यायालयाने साफ सांगितलं की दाखला अवैध ठरला तर नोकरीला संरक्षण नाही. राज्यात अशा सुमारे १२,५०० पदांचा प्रश्न त्यानंतरही वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. साडेबारा हजार पगार म्हणजे साडेबारा हजार घरं, आणि पगारदार एक असला तरी त्याच्या मागे शिकणारी भाची-पुतणी चार असतात. आदिवासी शिक्षणाचा लाभ गेला कुठे, असं विचारणाऱ्याने गळतीचा हाही नळ बघावा. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रात शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेविका अशी सतरा संवर्गांची पदं स्थानिक आदिवासींतून भरायची, ही राज्यपालांची २०१४ ची अधिसूचना म्हणूनच मोलाची आहे. पाड्यावरचाच माणूस तलाठी झाला की सातबारा वाचून दाखवणारा शोधावा लागत नाही. अर्थात ती भरतीही कोर्टकज्ज्यांत अडकली, आणि पोरांना त्यासाठी रस्त्यावर बसावं लागलं.

सगळी शिक्षणं नोकरीसाठी नसतात, याचा मला ठाऊक असलेला सर्वांत भक्कम पुरावा गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने ३९ गावांत नवजात बाळांची काळजी घरीच घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवलं. यातली सगळी गावं आदिवासी नव्हती, हे नोंदवून ठेवतो. या आरोग्यदूत बायका पाचवी ते दहावी शिकलेल्या. म्हणजे बाजाराने ज्यांना शून्य भाव दिला होता नेमक्या त्याच. त्यांनी बाळाचं वजन केलं, श्वास मोजले, तक्ता भरला, न्यूमोनिया ओळखला. नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं. त्यांची सातवी तिथेच होती, तिचं काय करायचं ते आधी कुणाला सुचलं नव्हतं.

भाषेबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर पुढे अख्खा विभाग आहे. मेळघाटातलं कोरकू मूल जेव्हा पहिलीत ‘घर बघ’ वाचतं, तेव्हा ते दोन गोष्टी एकदम शिकत असतं: अक्षर आणि परकी भाषा. कोरकू ही मुंडा कुळातली, मराठीशी तिचं दूरचंही नातं नाही; गोंडी, माडिया द्राविडी. त्यात पहिली दोन-तीन वर्षं वाया जातात, आणि ती वाया गेलेली वर्षंही खर्चातच धरली पाहिजेत. नर्मदेच्या खोऱ्यात धरणविरोधी आंदोलनाच्या जीवनशाळा १९९२ पासून पावरी-भिलोरीतून शिकवू लागल्या. गडचिरोलीतल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. आदिवासी मुलाला त्याच्या भाषेतून, घरातून उपटून ‘सुधारण्याचा’ प्रयोग कॅनडाने शंभरावर वर्षं केला. दीड लाखांवर मुलं निवासी शाळांत घातली, भाषा बोलली म्हणून मारलं, हजारो मुलं परत आली नाहीत. जून २००८ मध्ये त्यांच्या पंतप्रधानांना संसदेत उभं राहून माफी मागावी लागली. त्याच कॅनडात आज मूळनिवासींचं शिक्षण वाढलं तर देशाचं उत्पन्न किती वाढेल याची गणितं मांडली जातात. मांडावीत. आधीचं देणंही त्याच वहीत लिहावं, एवढंच.

पुन्हा त्या बापाकडे येतो, कारण त्याचं वाक्य मला सोडत नाही. दाखवून काय करू. आकडा बरोबर असून उपयोग नव्हता. तो मोठ्याने म्हणायला मागे कुणीतरी लागतं. वारल्यांच्या मागे गोदावरीबाईंचा लाल बावटा उभा राहिला तेव्हा वेठ गेली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या जेमतेम शंभर घरांच्या गोंड गावात मागे ग्रामसभा होती. तिथे देवाजी तोफा आणि त्यांच्याबरोबर मोहन हिराबाई हिरालाल यांनी जे चालवलं त्याला नाव होतं अभ्यास गट. शाळा नव्हे, वर्ग नव्हे. जंगलाचा, कायद्याचा, जो प्रश्न आडवा येईल त्याचा गावाने बसून अभ्यास करायचा. बाहेरच्या जाणत्याला बोलवायचं, त्याने माहिती द्यायची, निर्णय मात्र गावाने आणि सगळ्यांच्या सहमतीने घ्यायचा. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तो कायदा वाचून तयार होतं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला.

मग प्रश्न आला बांबूचा. कायद्याने बांबू गौण वनोपज, म्हणजे गावाचा. वन खात्याच्या जुन्या कायद्यात तो झाड, म्हणजे खात्याचा. तोडला तरी वाहतूक परवाना मिळेना. गवत की झाड, या वनस्पतिशास्त्राच्या प्रश्नावर एका गावाची मिळकत अडली. गावाने वाद घातला, कागद घातले, कलमं दाखवली, आणि २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांसह गावात येऊन वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मग ग्रामसभेने स्वतः लिलाव केला, पॅन कार्ड काढलं, बँकेचं खातं, हजेरी, मजुरी, ठेकेदाराचा करार. उलाढाल कोटीच्या घरात गेली. त्यातल्या कुणाची शाळेची इयत्ता वाढली नव्हती. तरी मी याला शिक्षणाचा आर्थिक लाभ म्हणेन, बिनदिक्कत. पुढे गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभांनी तेंदूपानांचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला, आणि तिथे मात्र बारावी-बी.ए. होऊन एस.टी. स्टँडवर बसलेली पोरं उपयोगी पडली. जमाखर्च कुणी ठेवायचा, निविदेची जाहिरात कुणी वाचायची, ठेकेदाराचं इंग्रजी पत्र कुणी समजून सांगायचं? खड्ड्यातलं शिक्षण वर यायला गावात काहीतरी स्वतःच्या मालकीचं असावं लागतं.

राज्याच्या तिजोरीचं काय, असं विचारणारे वाचक असतील. त्यांची गैरसोय करायची नाही. शिकलेला माणूस कर जास्त भरतो, औषधपाण्यावर आणि खावटीवर सरकारचा खर्च कमी होतो, कारखान्याला कुशल हात मिळतो. हे सगळं खरं आहे आणि अर्थखात्याशी बोलताना याच भाषेत बोलावं लागतं. सुकथनकर समितीच्या सूत्राने राज्याच्या योजनेतला नऊ टक्के वाटा आदिवासींसाठी ठेवायचा ठरला, तो पुरता खर्च व्हावा यासाठीही असली गणितं कामी येतात. फक्त कोटींच्या भाषेत एक धोका असतो. उद्या कुणी दुसरं गणित मांडलं, की त्याच डोंगराखालचं लोखंड किंवा त्याच खोऱ्यातलं धरण राज्याला जास्त देतं, तर त्याच तराजूत पोरं हलकी भरतात. लोखंडाच्या खाणीचं सुरजागड आणि धरणात बुडालेली नर्मदाकाठची गावं, दोन्ही याच राज्यात आहेत.

पुस्तक वाचताना वाचकाने कोष्टकं टाळू नयेत, एवढी विनंती. ती मेहनतीने केली आहेत. त्यांच्या शेजारी आपल्या ओळखीची एखादी वही मनात ठेवली तर ती जास्त बोलतील.

माझ्या त्या वहीत एक खोट होती, ती सांगायची राहिली. तिच्यात तारखा नव्हत्या. सोमवार, मंगळवार, खर्चीचा शुक्रवार, पुन्हा सोमवार, असं पानामागून पान. तारखेविना आकडा कुठल्याही कचेरीत चालत नाही हे मला ठाऊक होतं, तिला कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत फळ्यावर तारीख बाई घालायच्या. मी म्हटलं, पानाच्या डोक्यावर तारीख टाकत जा. तिने पेन्सिल ओली केली आणि विचारलं, ‘दादा, आज काय तारीख?’ मलाही मोबाइल काढून बघावा लागला. तिने ती लिहिली, मग पान उलटलं आणि गेल्या शुक्रवारची बोटांवर मागे मोजू लागली.